ऋण पुनःप्रदायाचा उदय : दूरध्वनी-अभियंत्याच्या दैनंदिन हिशेबातून

विज्ञानाच्या व तंत्रविद्येच्या इतिहासात शोधाचे श्रेय बहुधा एखाद्या क्षणाला दिले जाते. तो क्षण सांगण्यास सोपा, ऐकण्यास रम्य आणि स्मरणात ठेवण्यास सुलभ असतो. तथापि ज्या अडचणींतून तो क्षण निर्माण झाला, त्या अडचणींचा हिशेब रोज मांडणारी माणसे आणि त्यांचे कागद मात्र इतिहासाच्या नजरेतून सहज निसटतात. इलेक्ट्रॉनिकीतील ऋण पुनःप्रदायाची कथा या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. विवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलट कलेने त्याच विवर्धकाच्या प्रवेशद्वाराशी परत आणणे, हे या कल्पनेचे सार होय. अभियंते यासच ‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणतात. आजचे ध्वनियंत्र, मापनयंत्र वा नियंत्रणयंत्र या तत्त्वाशिवाय कल्पिता येत नाही. परंतु त्याचा जन्म कोणत्याही उच्च सिद्धांतातून झाला नाही. दूर अंतरावर बोलणे पोहोचविताना होणाऱ्या तोट्याच्या नित्याच्या गणितातून झाला.

१

१८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दूरध्वनीचे पेटंट मिळविले, तेव्हापासूनच या यंत्राचा खरा शत्रू अंतर हा होता. तारेतून जाणारा संकेत मैलागणिक क्षीण होत जातो. हे क्षीणन ठरावीक प्रमाणात वजा होत नाही, ठरावीक प्रमाणात भागले जाते, आणि याच भेदात साऱ्या अडचणीचे मूळ आहे. पहिल्या मैलात शक्ती निम्मी झाली तर दुसऱ्या मैलात ती चतुर्थांश होते, दहाव्या मैलाअखेर सुमारे सहस्रांश उरते. तार जाड करावी तर तांब्याचा खर्च वाढतो. बोलण्याची शक्ती वाढवावी तर त्यास मर्यादा पडते. ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८७ च्या सुमारास तारेच्या प्रवर्तकत्वाचा सिद्धांत मांडला आणि त्याच्या आधारे जॉर्ज कँबेल व मायकेल प्यूपिन यांनी १९०० च्या आसपास ठरावीक अंतरावर वेटोळी बसविण्याची युक्ती सिद्ध केली. त्यायोगे क्षीणन बरेच घटले, परंतु नाहीसे झाले नाही. वेटोळे तोटा कमी करू शकते. गेलेली शक्ती परत देऊ शकत नाही.

ती शक्ती परत देणारे साधन इलेक्ट्रॉन नलिकेच्या रूपाने आले. ली डी फॉरेस्ट यांची ‘ऑडिऑन’ नलिका १९०६ ची. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीच्या अभियंत्यांनी ती सुधारून विश्वसनीय केली आणि २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा मार्ग समारंभपूर्वक खुला झाला. सुमारे १,३०,००० खांबांवर उभ्या असलेल्या या मार्गावरील तीन मिनिटांच्या संभाषणास प्रारंभी २० डॉलर ७० सेंट पडत. ही किंमत सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरची होती, हे उघड आहे. एका तारजोडीवरून एकच संभाषण जात असेल तर तांब्याचे सारे मोल त्या एका संभाषणावर पडणार. म्हणून एकाच जोडीवर भिन्न वाहक कंप्रतांच्या साहाय्याने अनेक संभाषणे नेण्याची पद्धत निघाली. १९१८ मध्ये बाल्टिमोर व पिट्सबर्ग यांच्या दरम्यान अशी पहिली व्यापारी व्यवस्था चालू झाली. आर्थिक प्रश्न यामुळे सुटू लागला, पण तांत्रिक प्रश्न मात्र अधिक बिकट झाला.

२

या काळातील अभियंत्याचा रोजचा हिशेब समजून घेण्यासाठी प्रथम त्याच्या परिमाणाकडे पाहिले पाहिजे. प्रारंभी क्षीणन ‘प्रमाण केबलचा मैल’ या मापाने मोजीत. अमुक मार्ग म्हणजे विशिष्ट प्रकारच्या केबलचे तितके मैल, असा त्याचा अर्थ. हे माप व्यवहारास सोयीचे खरे, पण केबलचा गुणधर्म कंप्रतेनुसार बदलत असल्याने ते वाहक कंप्रतांच्या कामी निरुपयोगी ठरले. १९२४ पासून त्याऐवजी शक्तीच्या गुणोत्तराच्या लघुगणकावर आधारलेले नवे एकक प्रचारात आले आणि १९२८-२९ च्या सुमारास त्यास बेल यांच्या स्मरणार्थ ‘डेसिबल’ हे नाव मिळाले. या एककाने निसर्गाचा कोणताही नवा नियम सांगितला नाही. त्याने गुणाकाराची बेरीज केली एवढेच. परंतु ज्याला चाळीस टप्प्यांचा मार्ग आखावयाचा आहे त्याच्या दृष्टीने ही सुधारणा क्षुल्लक नव्हती.

एक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. समजा, एका केबलमध्ये मैलाला १ डेसिबल क्षीणन होते आणि मार्ग १,००० मैलांचा आहे. एकूण क्षीणन १,००० डेसिबल, म्हणजे शक्तीच्या भाषेत एकावर शंभर शून्ये इतक्या पटीने घट. एवढी घट एकाच विवर्धकाने भरून काढणे कोणत्याही काळी अशक्यच. म्हणून दर २५ मैलांवर २५ डेसिबलचा एक, असे ४० विवर्धक ठेवावे लागतात. कागदावर जमाखर्च तंतोतंत जुळतो. आता प्रत्येक विवर्धकाचे विवर्धन अपेक्षेहून केवळ ०·२ डेसिबल अधिक झाले असे मानावे. एका ठिकाणी हा फरक कानाला जाणवणारही नाही. पण ४० ठिकाणी मिळून तो ८ डेसिबल होतो, म्हणजे शक्ती सहापटीहून अधिक वाढते. मार्ग स्वतःच शीळ घालू लागण्याची भीती उत्पन्न होते. उलट दिशेने तेवढाच फरक पडला तर आवाज ऐकू येईनासा होतो.

इलेक्ट्रॉन नलिकेचा स्वभाव तर असा की तिचे विवर्धन तंतूच्या प्रवाहाबरोबर, विद्युत्‌घटांच्या दाबाबरोबर आणि स्वतःच्या वयाबरोबर बदलत राहते. त्यात तारेचीही भर पडे. तांब्याचा रोध तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास सुमारे ०·४ टक्क्याने वाढतो; अर्थात दुपारचा मार्ग व मध्यरात्रीचा मार्ग हे विद्युत्‌दृष्ट्या एकच नव्हेत.

दुसरी अडचण विरूपणाची. नलिकेतून बाहेर पडणारा संकेत आत येणाऱ्या संकेताची केवळ मोठी प्रतिकृती नसतो. त्यात मूळ कंप्रतांच्या दुपटी, बेरजा आणि वजाबाक्याही मिसळतात. ८ व १२ किलोसायकल या दोन कंप्रता एकत्र विवर्धित केल्यास १६, २४, २० आणि ४ किलोसायकल अशा नव्या कंप्रता उपजतात. एकच संभाषण असेल तेव्हा आवाज किंचित खरखरीत झाला तरी चालून जाई. अनेक संभाषणे शेजारी शेजारी असताना मात्र यांपैकी एखादी कंप्रता तिसऱ्याच संभाषणाच्या पट्ट्यात जाऊन पडे आणि एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी अस्पष्ट गुणगुण होऊन येई. विवर्धकांची संख्या वाढेल तशी ही मिसळणही वाढत जाई.

३

हॅरल्ड स्टीफन ब्लॅक (१८९८-१९८३) हे वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधून १९२१ मध्ये पदवी घेऊन वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत दाखल झाले. त्यांचा विभाग १९२५ मध्ये बेल टेलिफोन प्रयोगशाळेत समाविष्ट झाला. त्यांच्यापुढे वरील दोन्ही प्रश्न होते. त्या काळातील प्रयत्नांचा सर्वसाधारण रोख नलिकाच अधिक सरळवर्तनी करण्याकडे होता. ब्लॅक यांनी १९२३ मध्ये प्रश्नाची मांडणी बदलली. नलिका सदोष आहे हे गृहीत धरून तिच्या निर्गमातील दोष तेवढा वेगळा काढता येईल काय, असे त्यांनी विचारले. निर्गम मूळ पातळीपर्यंत खाली आणून त्यातून मूळ संकेत वजा केला की उरतो तो केवळ दोष. तो दुसऱ्या विवर्धकाने वाढवून निर्गमातून वजा करावा, ही त्यांची पहिली योजना होय. ती प्रयोगशाळेत चालली. परंतु वजाबाकी शून्यवत् यावयाची तर दोन्ही विवर्धक अत्यंत तंतोतंत जुळलेले असावे लागत. ब्लॅक यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार त्यासाठी दर तासाला कोणीतरी तंतूचा प्रवाह पुन्हा जुळवून द्यावा लागे, आणि हे अहोरात्र. शेकडो विवर्धकांच्या मार्गास अशी व्यवस्था परवडणारी नव्हती. योजना सिद्धांतात अचूक होती, परंतु देखभालीच्या हिशेबात टिकली नाही.

२ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडून कामावर जात असता, नावेवरच त्यांना उत्तर सुचले आणि हातातील ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर त्यांनी आकृती व समीकरणे लिहिली, असा वृत्तांत त्यांनी नमूद केला आहे. उत्तर असे : गरजेपेक्षा पुष्कळ अधिक विवर्धन असलेला विवर्धक बांधावा, आणि निर्गमाचा अल्प अंश उलट कलेने प्रवेशाकडे परत आणून ते अधिकचे विवर्धन जाणूनबुजून गमवावे.

ही गोष्ट वरकरणी विपरीत भासते. महागड्या नलिकांनी मिळविलेले विवर्धन टाकून द्यावयाचे काय? परंतु साधे अंकगणित केल्यास तिचे मर्म कळते. मूळ विवर्धन १,००,००० पट आहे आणि निर्गमाचा शंभरावा भाग परत येतो असे समजावे. या दोन संख्यांचा गुणाकार १,०००. त्यात १ मिळवून मूळ विवर्धनास भागले असता प्रत्यक्ष विवर्धन ९९·९ पट येते. आता नलिका जुन्या होऊन मूळ विवर्धन निम्मे, म्हणजे ५०,००० झाले असे धरावे. तोच हिशेब पुन्हा केला असता उत्तर ९९·८ येते. नलिकांची शक्ती निम्मी झाली, पण यंत्राच्या वागणुकीत फरक पडला तो केवळ एक सहस्रांश. डेसिबलच्या भाषेत, ६ डेसिबलची घसरण शंभराव्या भागाहूनही कमी डेसिबलवर आली. चाळीसही विवर्धकांची एकाच वेळी अशी दुरवस्था झाली तरी संपूर्ण मार्गावरील फरक एक तृतीयांश डेसिबलच्या आसपास राहतो. पुनःप्रदाय नसता तर तो २४० डेसिबल झाला असता. नलिकांमुळे उपजणारे विरूपणही त्याच १,००१ या भाजकाने घटते.

यातील तात्त्विक बदल ध्यानात घेण्याजोगा आहे. यंत्राचे वर्तन आता नलिकेवर अवलंबून राहिले नाही. ते परतीच्या मार्गातील रोधक व धारित्र यांसारख्या स्वस्त, स्थिर आणि निष्क्रिय घटकांवर अवलंबून राहू लागले. मार्गाच्या क्षीणनाची भरपाई करणारी रचनाही त्याच परतीच्या मार्गात ठेवता येऊ लागली. चंचल वस्तूंपासून अचंचल यंत्र बनविण्याची ही युक्ती होती, आणि तिची किंमत म्हणजे टाकून दिलेले विवर्धन.

४

२९ डिसेंबर १९२७ रोजी ४ ते ४५ किलोसायकलच्या पट्ट्यात विरूपण लाखाच्या प्रमाणात घटविणारा विवर्धक प्रयोगशाळेत सिद्ध झाला. पेटंटचा अर्ज ८ ऑगस्ट १९२८ रोजी दाखल झाला. पेटंट मात्र २१ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळानंतर मिळाले. ब्रिटिश पेटंट कार्यालयाने तर ही कल्पना निरंतर गतियंत्राच्या जातीची मानली, असे ब्लॅक यांनी लिहून ठेवले आहे. या साशंकतेस आधार नव्हता असे नाही. निर्गम प्रवेशाशी जोडला की विवर्धक शीळ घालू लागतो, हा त्या काळच्या प्रत्येक अभियंत्याचा अनुभव होता. रेडिओत एडविन आर्मस्ट्राँग यांनी याच गुणाचा उपयोग करून घेतला होता. दूरध्वनीत तो शापच होता. संकेत उलट कलेने परत आणावा हे म्हणणे सोपे आहे, परंतु प्रत्येक नलिका व प्रत्येक जोडणी उच्च कंप्रतेस थोडा थोडा विलंब लावते. हे विलंब साठत जाऊन एखाद्या कंप्रतेस अर्धे आवर्तन पूर्ण झाले की वजाबाकीची बेरीज होते, आणि जे औषध म्हणून योजले तेच विष ठरते.

हा प्रश्न उलगडण्याचे श्रेय हॅरी नाइक्विस्ट (१८८९-१९७६) यांचे. स्वीडनमध्ये जन्मलेले व १९०७ मध्ये अमेरिकेत आलेले नाइक्विस्ट हे अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीत काम करीत. स्थैर्याचा गणिती विचार त्यापूर्वीही झालेला होता : जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये वाफेच्या यंत्राच्या नियामकांचा विचार केला होता आणि एडवर्ड राउथ यांनी १८७७ मध्ये समीकरणावरून स्थैर्य ओळखण्याची कसोटी दिली होती. परंतु त्यासाठी यंत्राचे समीकरण हाती असावे लागते. अनेक टप्प्यांच्या विवर्धकाचे समीकरण इतक्या वरच्या घाताचे होते की व्यवहारात ते मांडणेच दुष्कर. नाइक्विस्ट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेली कसोटी वेगळ्या जातीची होती. फेरा एके ठिकाणी खुला करावा, निरनिराळ्या कंप्रतांस संकेताचे मान व कला किती बदलते ते मोजावे, ती मोजमापे आलेखावर मांडावी आणि वक्र रेषा एका विशिष्ट बिंदूस वेढा घालते की नाही ते पाहावे. समीकरण ठाऊक नसले तरी चालेल. मोजपट्टी व कागद असला म्हणजे झाले. कार्यरत अभियंत्याच्या हाताला पेलणारा असा हा सिद्धांत होता. त्यातून एक अनपेक्षित निष्कर्षही निघाला : काही विवर्धक विवर्धन वाढविल्यावर नव्हे, तर घटविल्यावर अस्थिर होतात. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी तो खरा असल्याचे दाखविले.

तिसरे नाव हेंड्रिक वेड बोडे (१९०५-१९८२) यांचे. स्थिर विवर्धक ओळखता येणे वेगळे आणि तो आधीच आखता येणे वेगळे. विवर्धन हवे तितके झपाट्याने उतरवावे व कला मात्र जागच्या जागी ठेवावी, अशी अभियंत्याची इच्छा असे. बोडे यांनी १९४० च्या निबंधात दाखविले की सर्वसामान्य मंडलांत हे होऊ शकत नाही; उताराचा वेग आणि कलेचा विलंब परस्परांशी बांधलेले आहेत. अष्टकाला ६ डेसिबल उतार म्हणजे ९० अंशांचा विलंब, १२ डेसिबल म्हणजे १८० अंश. सुरक्षिततेसाठी विलंब १५० अंशांवर थांबवावयाचा तर उतार अष्टकाला १० डेसिबलहून अधिक ठेवता येत नाही. म्हणून ३० डेसिबलचा पुनःप्रदाय हवा असेल तर उपयुक्त पट्ट्याच्या वर तीन अष्टके, आणि शेवटच्या टप्प्यासाठी आणखी सुमारे एक अष्टक, मंडलावर ताबा राखावा लागतो. उपयुक्त पट्टा १ मेगासायकलचा असेल तर आखणी १६ मेगासायकलपर्यंतची करावी लागते. पुनःप्रदाय फुकट मिळत नाही आणि त्याची किंमत किती, हे यामुळे प्रथमच आधी सांगता येऊ लागले.

५

१९३० च्या सुमारास न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे २५ मैल लांबीच्या केबलमधील तारजोड्या एकापुढे एक जोडून शेकडो मैलांचा मार्ग बनविण्यात आला आणि त्यावर ही योजना कसोटीस लागली. १९३६ मध्ये न्यूयॉर्क-फिलाडेल्फिया प्रायोगिक समाक्ष केबल झाली. १९५६ मध्ये स्कॉटलंड व न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान पहिली अटलांटिक दूरध्वनी केबल चालू झाली. जाणाऱ्या व येणाऱ्या बोलण्यासाठी वेगवेगळ्या असलेल्या तिच्या दोन केबलींत प्रत्येकी ५१ विवर्धक समुद्रतळाशी होते आणि तिच्यावरून ३६ संभाषणे चालत. समुद्राच्या तळाशी दर तासाला तंतूचा प्रवाह जुळविणारा कोणी असू शकत नाही, एवढे सांगितले म्हणजे या तत्त्वाची अपरिहार्यता ध्यानी येते.

येथे इतिहासलेखनाचा प्रश्न उपस्थित होतो. नावेवरील सकाळीचा वृत्तांत प्रामुख्याने ब्लॅक यांनी १९७७ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पन्नास वर्षांनी, लिहिलेल्या लेखातून सर्वत्र पसरला. इतिहासकार डेव्हिड मिंडेल यांनी २००० मध्ये या वृत्तांताची चिकित्सा केली. ब्लॅक यांनी आरंभी जी वस्तू शोधली ती प्रामुख्याने विरूपण घटविणारी होती; स्थैर्याचे आकलन नाइक्विस्ट व बोडे यांनी त्याच संस्थेच्या परिसरात क्रमाने घडविले; आणि हे सारे दूरध्वनी-जालाच्या गरजांतून उपजले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. या चिकित्सेने ब्लॅक यांचे श्रेय नाहीसे होत नाही. परंतु श्रेयाचा आकार बदलतो. एका सकाळच्या प्रकाशाऐवजी सुमारे दोन तपांचे काम दृष्टीसमोर येते. त्यात तोट्याचा तक्ता आहे, नव्या एककाची निवड आहे, फसलेली पहिली योजना आहे, नऊ वर्षे रेंगाळलेला अर्ज आहे, आणि विवर्धकाजवळ उभा राहून तासातासाला प्रवाह जुळविणारा, कोणत्याही निबंधात नाव नसलेला कर्मचारीही आहे. किंबहुना या शेवटच्या माणसाची मेहनत वाचविणे हाच शोधाचा व्यावहारिक हेतू होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढील इतिहास या निष्कर्षास पुष्टीच देतो. १९४७ मध्ये जॉन रॅगाझिनी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधाने ‘ऑपरेशनल अँप्लिफायर’ हे नाव रूढ केले. दुसऱ्या महायुद्धातील गणनयंत्रांत अशी मंडले वापरली गेली होती. १९६८ मध्ये ‘७४१’ या क्रमांकाचा संकलित विवर्धक बाजारात आला. त्याच्या पोटात ३० पिकोफॅरडचे एक लहानसे धारित्र बसविलेले आहे. विवर्धन अष्टकाला ६ डेसिबल याच वेगाने उतरावे, एवढेच त्याचे काम. बोडे यांचा नियम तेथे वस्तुरूप होऊन बसला आहे. विवर्धन व पट्टा यांचा गुणाकार सुमारे १० लाख. म्हणून १०० पट विवर्धन घेणाऱ्यास १० किलोहर्ट्झचा पट्टा मिळतो, १० पट घेणाऱ्यास १०० किलोहर्ट्झचा. प्रयोगशाळेतील विद्यार्थी हा भागाकार मनातल्या मनात करतो, दोन रोधकांच्या गुणोत्तरावरून विवर्धन ठरवितो आणि पुढे जातो. त्या दोन ओळींच्या हिशेबामागे १९१५ ते १९४० या पंचवीस वर्षांतील खटाटोप सामावलेला आहे.

तंत्रविद्येचा इतिहास लिहिणाऱ्यास यातून एवढे निश्चित घेता येते की, शोधाची साधने केवळ पेटंटांत व प्रबंधांत शोधून भागत नाही. देखभालीच्या नोंदवह्या, मोजमापांचे तक्ते व परिमाणांविषयीचे वाद ही देखील इतिहासाची साधनेच होत. कोणत्या अडचणीचा हिशेब लोक रोज करीत होते हे कळल्याखेरीज, एखाद्या सकाळी सुचलेले उत्तर कोणत्या प्रश्नाचे होते, हे कळत नाही.